आठ किलो कंपासपेट्या

पेटी उघडेना. नखानं उचकटून पाहिली, पदरात धरून ओढली, शेवटी वैतागून आवटीकाकांच्या गोदामाच्या उंबऱ्यावर आपटली, तेव्हा कुठं झाकण सुटलं आणि आतलं गढूळ पाणी माझ्या पायावर सांडलं.

"अहो बाई, भंगार आहे ते," आवटीकाका म्हणाले. "पंचगंगा चार दिवस मुक्कामाला होती या गोदामात. वह्यांचा लगदा झाला, खडूंचा चिखल झाला. या कंपासपेट्या तेवढ्या उरल्यात. उद्या भंगारवाला येऊन नेणार."

मी पेटीत बोट घातलं. परकार होता. कर्कटक होतं. दोन्ही गुण्ये, कोनमापक, पट्टी, सगळं जागच्या जागी. लोखंडावर गंज, प्लास्टिकवर चिखल, बाकी काही बिघडलेलं नव्हतं.

"काका, नवी पेटी केवढ्याला?"

"तीस. तुम्हाला म्हणून अठ्ठावीस."

"आणि ही?"

"ही नेऊन काय लोणचं घालणार?"

"सांगा तर!"

काकांनी टोपी मागं सरकवली आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू पुरात माझंही काहीतरी वाहून गेलंय. "भंगारवाला किलोनं घेतो. तुम्हीही किलोनंच घ्या."

घेतल्या की! लाज कसली? लोखंडी तागडी आली, एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात कंपासपेट्या. चाळीस पेट्या मोजून टाकल्या तेव्हा काटा आठ किलोवर स्थिरावला. वर काकांनी, भाजीवाली कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकते तशा, दोन पेट्या फुकट टाकल्या. पोतं सायकलच्या कॅरियरला बांधलं आणि मी निघाले. वाटेत जो भेटेल तो विचारी, "बाई, बटाटं कसं दिलं?"

याला वीस वर्षं होऊन गेली. मी मूळची बार्शीची, नलिनी देशमाने. वडील तहसील कचेरीत कारकून. इचलकरंजीच्या शाळेत नेमणूक झाली तेव्हा आठवडाभर मला झोप लागली नाही. गावभर यंत्रमाग. घराघरात, गल्लीगल्लीत खडखड, खडखड, दिवसा आणि रात्री. लोक एकमेकांशी बोलतात की भांडतात तेच कळायचं नाही. पण महिन्याभरात मीही ओरडून बोलायला लागले आणि तिकडचीच झाले.

सातवीचा वर्ग माझ्याकडं होता. पोरं बेचाळीस आणि कंपासपेट्या तीन! त्यातल्या एकीत परकार नव्हता. वर्तुळ काढा म्हटलं की पोरं दप्तरातनं आईची जुनी बांगडी काढायची, कागदावर ठेवायची आणि भोवतीनं पेन्सिल फिरवायची. त्रिज्या चार सेंटिमीटर घ्या म्हणून मी फळ्यावर लिहायची, पण माझ्या वर्गात त्रिज्या ठरायची ती आयांच्या मनगटांवर. पुरानंतर तर घराघरात नवी वही घ्यायचीही पंचाईत झाली होती. तिथं कंपासपेटी आणा म्हणून कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणून मी ठरवलं होतं, पेट्या शाळेच्या असाव्यात. ज्याला लागेल त्यानं घ्यावी, काम करावं, परत आणावी. गावातली सगळी दुकानं पालथी घातली, तेव्हा आवटीकाकांचं ते बुडालेलं गोदाम हाती लागलं.

शनिवारच्या सकाळच्या शाळेत आम्ही पोतं वर्गात उपडं केलं. मी चिंच आणली होती, राख आणली होती, बाटलीभर रॉकेल आणलं होतं. पोरांनी एकेक पेटी उचलली आणि जी घासायला सुरुवात केली, ती घासतच सुटली. राजू मगदूम म्हणून एक तोंडाळ पोरगा होता, घरचे चार माग. तो मधेच उठून पळाला आणि मागाच्या तेलाची कुपी घेऊन आला.

"बाई, परकाराच्या बिजागरीला तेल घालतो. आमचा बा म्हणतोय, तेल घाटलं की लोखंडाचं भांडण मिटतंय."

खरंच मिटलं. करकरणारे परकार गुपचूप फिरायला लागले. बारा वाजेस्तोवर बेचाळीस पेट्या बाकांवर उघड्या पडल्या होत्या, चकाकत होत्या म्हणणार नाही, पण तोंड धुतल्यासारख्या दिसत होत्या. पोरांचे हात काळेकुट्ट, माझं पातळ चिंचेनं बरबटलेलं. आनंदानं मला वेड लागायचं बाकी होतं. पहिल्यांदाच सगळ्या वर्गानं एकदम वर्तुळ काढलं, त्रिज्या चार सेंटिमीटर. मी फिरून पाहिलं, बेचाळीसच्या बेचाळीस सारखी! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि मी वाजवल्या.

भानगड झाली ती दुसऱ्या आठवड्यात. सारिका भंडारे नावाची एक मुलगी मागच्या बाकावर बसायची. बोलायची कमी. पण परकार हाती आल्यापासून ती षटकोनाच्या मागं लागली होती. वर्तुळ, त्यात षटकोन, त्यात फूल, त्या फुलाला लागून दुसरं वर्तुळ. पानभर अशी जाळी विणायची की मास्तरणीनं चष्मा काढून बघावं. तास संपला की मी पेट्या गोळा करायची, तेव्हा तिचा हात पेटीवरनं लवकर निघायचा नाही. एक दिवस ती माझ्यामागं व्हरांड्यात आली.

"बाई, मी घरी नेतो की पेटी. उद्या आणून देतो." इकडच्या मुली स्वतःबद्दल असंच बोलतात, आलो, गेलो, नेतो. पहिल्यांदा मला हसू यायचं, आता कान बसलाय.

"एकटीच का? सगळेच न्या," मी म्हणाले आणि तशीच मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले.

हेरवाडे सर माणूस वाईट नव्हता. पण शाळेतली सुई जरी इकडची तिकडं झाली तरी त्यांचा घास घशाखाली उतरत नसे. कपाटाची किल्ली ते कमरेला लावून झोपत असावेत, असा माझा संशय होता.

"घरी?" त्यांनी चष्म्यावरनं पाहिलं. "बाई, तुम्ही नवीन आहात. शाळेबाहेर गेलेली वस्तू सासरी गेलेल्या मुलीसारखी असते. येते, पण चार दिवसांची पाहुणी म्हणून."

"पस्तीस मिनिटांच्या तासात भूमिती होते का सर? दसऱ्यानंतर सहामाही आहे. घरी सराव केला नाही तर नापास होतील."

"पेट्या गेल्या तर सगळेच नापास. आणि त्या भंडारेच्या पोरीचं म्हणाल तर सांगतो. तिचा बाप ज्या शेडात माग चालवतो, ती पुरापासून बंद आहे. दोन महिने माणूस घरी बसलाय. पेटी विकून मीठमिरची आणतील, आणि मी त्यांना दोषही देणार नाही."

माझं डोकं असं तापलं की काय सांगू! तोंडाला येईल ते बोलण्याची खोड मला तेव्हापासूनच. "सर, बेचाळीस पेट्या घरी देते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बेचाळीस मोजून घ्या. एक कमी भरली, आणि सारिकाची कमी भरली तर खासच, मी पुन्हा तुमच्या दारात यायची नाही. घाला सगळ्या कपाटात आणि लावा कुलूप."

"नक्की?"

"नक्की."

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पाच वाजेपर्यंत. एक जरी कमी, तरी घरी नेणं बंद. कायमचं."

"आणि बेचाळीस भरल्या तर?"

सर नुसते हसले. त्या हसण्यानं मी जास्तच भडकले.

आठ दिवस सोन्यासारखे गेले. पोरं सकाळी यायची ती वह्या नाचवत. न्हाव्याच्या बाळूनं कोन दुभागला होता आणि शेजाऱ्यालाही दुभागून दाखवला होता. राजू मगदूमनं मागाच्या चाकाचे दात मोजून त्याचं चित्र काढलं होतं. सारिकाची वही तर मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवली. लुगड्याच्या काठावर घालावी अशी नक्षी, आणि प्रत्येक ठिकाणी कोन साठ अंशाचा. मराठीच्या बाई म्हणाल्या, "ही पोर पुढं नाव काढणार."

नवमीच्या सकाळी मी घोटलेली साडी नेसून शाळेत गेले. टेबल रिकामं करून ठेवलं. पेट्या मांडायला जागा हवी ना!

घंटा झाली. वर्गात पोरं सहा.

"बाकीचे कुठं आहेत रे?"

"घरी हैत बाई. माग धुत्यात," राजू म्हणाला.

"बरं. तुमच्या पेट्या ठेवा टेबलावर."

सहाही जणांनी माना खाली घातल्या.

"राजू, तुझी पेटी?"

"आई देत न्हाई."

"देत नाही म्हणजे?"

"हात लावायचा न्हाई म्हणली."

दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. सगळ्यांचं तेच. आईनं अडवलंय, आजीनं दटावलंय. एक-दोन हरवल्या असत्या तर समजू शकले असते, पण सहाच्या सहा आया? दारात खाकरल्याचा आवाज आला. हेरवाडे सर रजिस्टर काखेत मारून उभे होते.

"किती आल्या?"

"एकही नाही," मी म्हणाले.

मला वाटलं होतं ते हसतील. हसले नाहीत, त्यामुळं जास्तच लागलं. "चला," ते म्हणाले. "घरोघरी जाऊ. असतील तेवढ्या तरी परत आणू."

निघालो. पुढं राजू आणि ती पाच पोरं, मागं मी, माझ्यामागं सर. कोपऱ्यावर वळलो आणि मी थबकले. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग ध्यानात आलं, खडखड बंद होती. अख्खं गाव गप्प. मला माझ्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. रस्त्याच्या कडेला लोक बादल्या घेऊन मागांचे भाग धूत होते, शेडच्या दारांना झेंडूची तोरणं चढत होती. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. डोक्यात फक्त एकच, बेचाळीस पेट्या.

मगदुमांच्या शेडात शिरलो. चार माग न्हाऊन बसले होते, प्रत्येकाला हार. मधे पाटावर लाल कापड, त्यावर धोटा, फणी, पाना, पक्कड, कात्री ओळीनं मांडलेली. आणि सगळ्यांच्या मधोमध कंपासपेटी! झाकण उघडं. पट्टीला कुंकवाची पाच बोटं, गुण्यांना हळद, परकाराच्या टोकावर झेंडूचं फूल खोवलेलं.

"अगं बाई!" माझ्या तोंडून निघालं.

राजूची आई पदर खोचत पुढं आली. "बाई, तुमी आला व्हय! माझ्यावर रागावू नगा. पोरगं सकाळी पेटी उचलाय लागलं, मी म्हटलं हात मोडीन. पुजंला मांडल्यालं हत्यार दसरा झाल्याबिगर उचलतंय व्हय कोण?"

मागं धप्पकन आवाज झाला. हेरवाडे सरांनी रजिस्टर स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं होतं. "खंडेनवमी! बाई, खंडेनवमी आज! पन्नास वर्षं या गावात काढली मी, आणि तारीख ठरवताना माझ्या टाळक्यात आलं नाही!"

आणि माझ्या? माझे वडीलही खंडेनवमीला पेनाची पूजा करायचे. पण कुंकू लावून, नमस्कार करून तासाभरात तेच पेन खिशाला लावून कचेरीत जायचे. आमच्या घरी हत्यार तेवढंच आणि पूजा तेवढीच. हत्यारावर पोट असलेल्या घरात ते दोन दिवस विश्रांतीला बसतं, हे मला कोण सांगणार? मी दसऱ्याच्या आदल्या दिवसाचा वायदा करून बसले होते. वर्षातनं एकच दिवस असा, की गावातलं एकही हत्यार जागचं हलणार नाही, आणि मी नेमका तोच निवडला होता.

मला इतकं हसू आलं की मी मागाला टेकून हसले. राजूची आई घाबरली आणि तिनं मला पाणी आणून दिलं.

"हसताय काय," सर म्हणाले, पण त्यांच्याही मिशा हलत होत्या. "शब्द म्हणजे शब्द. बेचाळीस मोजायच्या आहेत. टेबलावर नसतील तर पाटावर मोजू." त्यांनी रजिस्टर उघडलं, मगदूम राजू या नावापुढं खूण केली, आणि चपला काढून पाटाला नमस्कार केला.

तिथून पुढं जी वरात निघाली! पोरं पुढं पळत, "आमच्यात हाय, सर, आमच्यात बी हाय!" म्हणून ओरडत. बाळूच्या घरी वस्तरा आणि कंगव्यांच्या शेजारी पेटी. गवंड्याच्या घरी थापी आणि ओळंब्याच्या मधे पेटी, आणि गवंडीबुवा मला विचारतात, "बाई, तुमचा काटकोन खरा का आमचा?" शिंप्याच्या घरी शिलाईमशीनवर पेटी, तिला टेपचा हार. एका घरात नुसती विळी आणि वरवंटा होता, त्यांच्या पंगतीलाही पेटी मानानं बसली होती. प्रत्येक घरात नारळ, चुरमुरे, पेढा, नाहीतर गुळाचा खडा. सरांचे दोन्ही खिसे खोबऱ्यानं फुगले. पहिल्या दहा घरांत त्यांनी खुणा केल्या, पुढच्या दहांत आरत्या म्हटल्या, आणि तिसाव्या घरात त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, माझे आजोबा सुतार होते. रंधा पुजायचे. मी विसरूनच गेलो होतो हो."

चार वाजता एक्केचाळीस खुणा झाल्या होत्या. उरलं एक नाव.

भंडारे त्या बंद शेडच्या मागच्या खोल्यांत राहत. आमच्याबरोबर आता पंचवीस-तीस पोरं होती, सगळी बडबडत होती, पण सारिका सकाळपासून कुणालाच दिसली नव्हती. सर चालता चालता माझ्याजवळ आले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "मनाची तयारी असू द्या. दत्तू भंडारे दुसऱ्याच्या मागावर रोजानं जायचा. त्याच्या घरात स्वतःचं हत्यार कुठलं? पूजा कशाची मांडणार?"

एक्केचाळीस भरल्या काय आणि एक कमी पडली काय, मी शब्द दिला होता तो तिच्याच नावानं. आणि शब्दाचं जाऊ द्या, ती वही, ते साठ अंशाचे कोन! उद्यापासून ती परत बांगडी फिरवणार? मला तो विचारच सहन होईना. दार लोटलेलं होतं. मी कडी वाजवली.

दार सारिकानंच उघडलं. धुतलेला फ्रॉक, घट्ट दोन वेण्या. मागं तिची आई शेवंता आणि बाप दत्तू, दोघंही उठून उभे राहिले.

"या सर, या बाई. सकाळधरनं वाट बघतोय," दत्तू म्हणाला.

खोलीत सामान म्हणावं असं काही नव्हतं. एक खाट, दोन डबे, चूल. आणि भिंतीशी पाट, पाटावर नवं ब्लाऊजपीस, त्यावर एकटी कंपासपेटी. दुसरं काही नाही. निरांजन होतं, पण लावलेलं नव्हतं. कुंकवाची वाटी भरलेली होती, पण पेटीला बोट लागलं नव्हतं. नारळ अख्खा होता.

"अजून पूजा झाली नाही?" मी विचारलं.

"मालक आल्याबिगर कशी करायची?" दत्तू म्हणाला.

"मालक?"

"पेटी शाळंची हाय न्हवं?" तो जरा लाजला. मग सावकाश बोलायला लागला. "त्येचं काय हाय बाई, पंधरा वर्सं मी मागावर हाय. खंडेनवमीला शेडात मालक येतोय, नारळ फोडतोय, आमी वाकून हात पुढं करतो, परसाद घेतो आन् घरला येतो. घरात कवा पुजा मांडली न्हाई. मांडणार काय? माग त्येंचा, धोटा त्येंचा, पाना बी त्येंचाच. औंदा तर शेडच बंद. आन् औंदाच पयल्यांदा आमच्या घरात हत्यार आलं. सारिका म्हणली, मी शाळंत गेलो न्हाई तर बाई पेटी न्याया येणारच. म्हटलं, मंग थांबू. बाईंच्या हातनंच हुं दे."

मी पदरानं डोळे पुसले. मी सरांकडं पाहिलं तर ते भिंतीकडं बघत होते.

शेवंता पुढं झाली. "न्हेणार काय वो पेटी आज? पोरीनं अजून कुंकूबी लावलं न्हाई."

"पूजेला मांडलेलं हत्यार कोण उचलतं का?" सर म्हणाले. त्यांनी खिशातनं पेन काढलं, शेवटच्या नावापुढं खूण केली आणि रजिस्टर मिटलं. "सारिका, परीक्षेला पेटी घेऊन यायची. परीक्षा झाली की परत घरी आणायची. कळलं?"

"कायमचं ना, सर?" मी विचारलं. दारात तीस साक्षीदार उभे असताना कोण सोडतो?

"कायमचं, देशमाने बाई! आता स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ?"

दारातल्या पोरांनी असा काही गलका केला की शेजारपाजारचे बाहेर आले.

शेवंतानं निरांजन लावलं. सारिकानं झाकण उघडून परकाराला, कर्कटकाला, गुण्यांना एकेक बोट कुंकू लावलं, कोनमापकाला मधोमध, अगदी नव्वद अंशावर. मग दत्तूनं नारळ उचलला आणि दोन्ही हातांनी सरांपुढं धरला. सर मागं सरले.

"मी नाही. पेट्या बाईंनी आणल्या. बाईंना द्या."

नारळ माझ्या हातात आला. खरं सांगते, तोवर मी आयुष्यात एकदाही नारळ फोडला नव्हता. आमच्या घरी वडील फोडायचे, ते नसले तर आई शेजारच्या मुलाला बोलवायची. बाईमाणसानं नारळ फोडू नये, एवढंच कानावर आलेलं. का, ते कुणी विचारलं नव्हतं, मीही नव्हतं. मी त्या नारळाकडं पाहिलं, पाटावरच्या पेटीकडं पाहिलं, आणि दत्तूला विचारलं, "या पेटीवर काम कोण करतं?"

"पोरगी."

"मग नारळ पोरीनं फोडायचा."

"आगं बया!" शेवंता म्हणाली. "पोरीच्या जातीनं नारळ फोडायचा आसतोय व्हय, बाई?"

मला वाटलं, झालं, भलत्या ठिकाणी तोंड घातलं मी. दुसऱ्याच्या घरातली पूजा, आणि मी कोण शहाणी? दत्तूनं एकदा लेकीकडं पाहिलं. मग वाकला, खाटेखालनं वरवंटा ओढून काढला, धुतला, आणि पाटापुढं आडवा ठेवला.

"फोड बाळ," तो म्हणाला. "दम धरून मार."

पहिल्या घावाला नारळ तिच्या हातातनं सुटला आणि गडगडत खाटेखाली गेला. दारातली पोरं खो खो हसली. राजू आत घुसून नारळ काढून देऊन परत पळाला. दुसऱ्या घावाला चीर गेली. तिसऱ्याला ओठ दातांत धरून तिनं असा काही नारळ आपटला की दोन शकलं झाली आणि पाणी उडालं ते थेट हेरवाडे सरांच्या इस्त्रीच्या पँटवर. "भले!" सर ओरडले, आणि पहिली टाळी त्यांनीच वाजवली.

शेवंता हसत होती आणि रडत होती. तिनं विळीवर खोबऱ्याचे तुकडे केले आणि ताट सारिकाच्या हातात दिलं. एक तुकडा पेटीपुढं ठेवून ती वळली, आता कुणाला द्यावं म्हणून आमच्या तोंडाकडं बघायला लागली. सर पुढं होणार होते, पण दत्तू त्यांच्याआधी आला. डोक्यावरची टोपी त्यानं नीट केली, जरा वाकला, आणि सातवीतल्या आपल्या लेकीपुढं दोन्ही हातांची ओंजळ धरली.

"द्या मालकीणबाई," तो म्हणाला. "आमचा परसाद द्या."